तुम्ही विचारलंत म्हणून : मुंबई ते लंडन नक्की किती तास?

"तिकिटावर दुपारी २ ला निघून संध्याकाळी ७ ला पोचतं असं दिसतंय. पाच तासांत लंडन?" लंडनला मुलाबाळांकडे पहिल्यांदा निघालेले ठाण्यातले आई-बाबा हे हमखास विचारतात.

पाच नाही, साडेनऊ. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. जाताना फरकात साडेचार तास मिळवायचे, येताना वजा करायचे. हा हिशोब उन्हाळ्याचा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात. तिथून मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेपाच धरा.

सरळ रेषेत अंतर साधारण ७,२०० किलोमीटर. तरी येताना वेळ कमी लागतो, कारण दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहतो, हिवाळ्यात तर फारच. विमान हवेतून ताशी ९०० किलोमीटरने उडतं. समोरून ८० चा वारा असेल तर प्रत्यक्षात ८२० चाच वेग पडतो आणि पावणेनऊ तास लागतात. तोच वारा पाठीशी आला की ९८०, म्हणजे सात तास वीस मिनिटं. त्यावर धावपट्टीपर्यंतची रांग, चढण-उतरण, लंडनवर मारलेल्या घिरट्या यांचा मिळून तासभर धरा. वेळापत्रकातला वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होतो आणि तिकडे जागेवर थांबलं की संपतो.

वाटही दरवेळी तीच नसते. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हा त्यांना वळसा घ्यावा लागला. म्हणून एकाच दिवशी दोन कंपन्यांच्या वेळा वेगळ्या दिसल्या तर दचकू नका.

दुबईमार्गे 'फार लांबून जातं' हा मात्र गैरसमज. मुंबई-दुबई १,९३० आणि दुबई-लंडन ५,५०० किलोमीटर. जेमतेम दोन-सव्वादोनशे जास्त. वेळ खातो तो दुबईतला मुक्काम. तो दोन तासांपेक्षा कमी असेल तर आम्ही तरी असं तिकीट घेऊ नका म्हणू.

सगळ्यात जास्त घोटाळा तारखेत होतो. १५ तारखेला ००:४० चं विमान म्हणजे १४ च्या रात्री जेवून निघायचं. १५ ला रात्री निघालात तर विमान आदल्या रात्रीच गेलेलं असतं. आंतरराष्ट्रीय प्रवासाला तीन तास आधी पोचायचं. बॅगा घेणारा काउंटर बहुतेक ठिकाणी तासभर आधी बंद होतो. घोडबंदरहून निघत असाल तर माजिवड्याचा खोळंबा वेगळा धरा. आणि गाडी बुक करण्याआधी तिकिटावरचा विमानतळाचा कोड बघा : 'बीओएम' असेल तर अंधेरीकडे, 'एनएमआय' असेल तर उलव्याकडे, नवी मुंबईच्या विमानतळावर.