युरेमधली रात्र

कोलोरॅडोतलं युरे. जेमतेम हजारभर वस्ती, तिन्ही बाजूंनी सरळ उभे कडे. काल नदीकाठच्या आरव्ही पार्कमध्ये भाड्याची आरव्ही (आत राहायची सोय असलेली मोठी गाडी) लावली. चाकांखाली ठोकळे सरकवून ती सपाट करेपर्यंत अंधार पडला. वीज जोडली, पाण्याचा पाइप लावला आणि आईने आत पाऊल टाकलं. "अगं, हे तर अख्खं घरच घेऊन आलोय आपण!" साताऱ्याहून येऊन तिला दहाच दिवस झालेत.

युरे 7,792 फुटांवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही सातशे मीटर उंच. इथे पाणी साधारण 92 अंशांनाच उकळतं, त्यामुळे पातेल्यात डाळ काही शिजेना. आईने सामानातून लहान कुकर काढला (नको म्हटलं होतं मी, तरी आणलाच होता). तिसऱ्या शिट्टीला शेजारच्या आरव्हीतल्या आजी दारात आल्या. वाटीभर वरण-भात घेऊन गेल्या.

आज दुपारी गावातल्या गरम पाण्याच्या कुंडात बसलो. गंधकाचा वास अजिबात नाही. वर कड्यांवर अ‍ॅस्पेनची झाडं हळदीसारखी पिवळी झालीत. आई गळ्यापर्यंत पाण्यात, डोळे मिटून. बाबा गेल्यापासून तिला इतकं निवांत मी पाहिलंच नव्हतं. खूप बरं वाटलं.

रात्री पारा शून्याखाली जाणार, म्हणून आत्ताच पाइप काढून रिकामा केला. आई खिडकीला नाक लावून चांदण्या बघतेय. झोप म्हटलं तर म्हणते, थांब गं जरा.