हापसा चालू झाला, पण...

मार्चअखेरची गोष्ट. पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर आम्ही सकाळी साडेआठला पोचलो, तर हापशाच्या ओट्यावर एक शेळी निवांत बसलेली. तीन आठवडे हापसा बंद होता. बाया खाली दरीतल्या झिऱ्यावर जाऊन वाटीवाटीनं हंडा भरत होत्या. इथे वर्षाला २००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पण खाली काळा कातळ आणि जमिनीला उतार, त्यामुळे पाणी मुरत नाही, नदीनाल्यांनी थेट गुजरातकडे निघून जातं. होळी झाली की घराघरात पाण्याचीच चिंता.

मी फिटर ट्रेडचा माणूस, नाशिकला एका संस्थेत शिकवतो. सहा बायांना हापसा दुरुस्ती शिकवून झाली होती, आज पहिल्यांदा खऱ्या बोअरवर काम. त्यातली सगळ्यात धाकटी एकोणीस वर्षांची. आई दिंडोरीकडे द्राक्षाच्या कामाला जायची, घरचं पाणी हिच्यावर, म्हणून नववीतच आश्रमशाळा सुटली. आता तिची पाचवीतली बहीण त्याच वाटेवर होती. हंडा भरून येईपर्यंत शाळा भरलेली असायची.

पारावरचे दोन-तीन बाप्ये बघायला आले. "बायांच्यानं पाइप उपसतील का?" एकानं विचारलं. कुणी उत्तर दिलं नाही, मीही नाही.

इंडिया मार्क-दोन हा हापसा मला फार आवडतो. सोलापूरच्या एका कारागिरानं घडवलेल्या पंपावरून तो पुढे तयार झाला आणि देशभर पोचला. उघडायला सोपा आहे, पण माफ करत नाही. झाकण काढलं, साखळी सोडली, दांडा बाजूला ठेवला. मग पाइप. एकेक तीन मीटरचा, आत रॉड, असे दहा. पाण्यासकट दीडशे किलोच्या वर वजन एका क्लॅम्पवर लटकतं. तो सुटला की सगळं बोअरमध्ये आणि बोअर कायमचा गेला म्हणून समजा.

तिसऱ्या पाइपला क्लॅम्प घसरला. बोटभर, पण मला तो "कर्रर्र" आवाज अजून ऐकू येतो. क्लॅम्पचे दात झिजले होते. सकाळी तपासायला हवे होते, माझी चूक. मी पुढे धावायच्या आत धाकटीनं दुसरा क्लॅम्प खालून सरकवून आवळला होता आणि दोघी लिफ्टरच्या दांड्यावर सगळं वजन टाकून उभ्या होत्या. हात थरथरत होते. पण सुटले नाहीत. "आता हळू," ती म्हणाली, मलाच.

पाइपांच्या तळाशी असलेला, पाणी वर खेचणारा सिलिंडर वर आला तेव्हा दुपार झाली होती. आतला चामड्याचा वॉशर खरकट्या भाकरीसारखा चिरडलेला. एवढ्याशा वॉशरपायी तीन आठवडे! नवा बसवला, सगळं परत जोडलं. चाळीस-पन्नास हापसे मारले. आधी गढूळ, मग लालसर, मग नितळ पाणी. पाच-सात कळशा रांगेत लागल्या. एका आजीनं ओंजळ भरली आणि पाणी डोळ्यांना लावलं.

इथेच थांबायला मला आवडलं असतं. पण पाणी येणं वेगळं आणि पिण्याजोगं असणं वेगळं. बराच वेळ पाणी वाहू दिलं. टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर, टाकण्याआधी नमुना घ्यायचा असतो, म्हणून तपासणीची छोटी बाटली खुणेपर्यंत भरून धाकटीच्या घरच्या कोनाड्यात ठेवली. मी रात्री पाड्यावरच राहिलो. तपासणीचा निकाल कळेपर्यंत कुणी कच्चं पिऊ नये, उकळून प्यावं, असं सांगितलं. काहींनी मान डोलावली, काहींनी हंडे तसेच नेले.

सकाळी बाटली शाईसारखी काळी. म्हणजे पाण्यात मैला मिसळतोय.

"सर, पाणी तर चांगलं दिसतंय. मग काळं का पडलं?" आजी माझ्यावर चिडली होती आणि तिचं चिडणं बरोबर होतं. तीन आठवड्यांनी आलेलं पाणी कुणी वाईट म्हटलं तर मला तरी कुठे ऐकवलं असतं?

धाकटी काही न बोलता ओट्याशी गेली. वाकून बघत राहिली. बोअरच्या केसिंगलगत, म्हणजे बाहेरच्या संरक्षक पाइपाशी, बोट जाईल एवढी भेग, शेजारी सांडपाण्याचं डबकं, त्यात गुरांच्या खुरांचे ठसे आणि शेण. तिनं बोट भेगेत घातलं, बाहेर काढून वास घेतला आणि आजीपुढे धरलं.

आजी गप्प झाली. मग सगळ्या बाया ओट्यावर बसल्या. टीसीएल कधी टाकायचं, किती, सिमेंट किती लागेल, ग्रामपंचायतीत कोण जाणार, यावर अर्धा तास बोलणं. मला फक्त मोजमापं विचारली. वहीत लिहायला पाचवीतली बहीण पुढे बसली होती, तिचं अक्षर चांगलं आहे. धाकटी मात्र उतारावर पावलं मोजत चालली होती: ओट्यापासून शोषखड्डा किती लांब घ्यायचा, ते.