कधी कधी स्कॉलरशिप करपात्र दाखवलेलीच बरी

अमेरिकेत डिग्रीसाठी शिकणाऱ्या मुलाच्या स्कॉलरशिपपैकी ट्यूशन, सक्तीची फी आणि कोर्सला लागणारी पुस्तकं-साहित्य यांवर गेलेली रक्कम करमुक्त असते. हॉस्टेल, जेवण, प्रवास यांवर गेलेली करपात्र. हे उत्पन्न मुलाचं, पालकांच्या रिटर्नमध्ये ते येत नाही. मूल डिपेंडंट (पालकांच्या रिटर्नमध्ये त्यांच्यावर अवलंबून दाखवलेलं) असलं तरी हाच नियम.

कॉलेजकडून मिळणाऱ्या १०९८-टी या फी-स्कॉलरशिपच्या फॉर्मवर पाचव्या खान्यात स्कॉलरशिप असते, पहिल्यात भरलेली फी. पाचव्या खान्यातून पहिला वजा करून उरलं ते उत्पन्न, असं सरसकट धरू नका. बाहेरून घेतलेली पुस्तकं पहिल्या खान्यात येत नाहीत, म्हणून पावत्या जपून ठेवा. जानेवारीच्या सत्राची फी डिसेंबरमध्ये भरली आणि स्कॉलरशिप नव्या वर्षात जमा झाली, तरी आकडे विचित्र दिसतात. कॉलेजच्या खात्याचं स्टेटमेंट समोर ठेवूनच हिशेब करा. करपात्र रक्कम डब्ल्यू-२ वर (पगाराच्या फॉर्मवर) नसेल तर मुलाच्या रिटर्नला जोडायच्या शेड्यूल १ च्या ८आर ओळीत जाते.

खरी गंमत पुढे आहे. डिपेंडंटचं स्टँडर्ड डिडक्शन (उत्पन्नातून सरसकट मिळणारी वजावट) ठरवताना ही रक्कम कमाई मानली जाते. २०२५ साठी डिडक्शन म्हणजे कमाई अधिक ४५० डॉलर, किमान १,३५० आणि कमाल १५,७५०. पण किडी टॅक्ससाठी (मुलांच्या अशा उत्पन्नावर पालकांच्या दराने लागणारा कर) तीच रक्कम बिनकष्टाचं उत्पन्न ठरते! २४ वर्षांखालच्या पूर्णवेळ विद्यार्थ्याची पगारातली कमाई स्वतःच्या खर्चाच्या निम्म्याहून जास्त नसेल, तर असं २,७०० डॉलरच्या वरचं उत्पन्न पालकांच्या दराने मोजतात (फॉर्म ८६१५). समजा, हॉस्टेल-जेवणावर १८,००० डॉलरची स्कॉलरशिप गेली, दुसरं उत्पन्न नाही. १५,७५० चं डिडक्शन वजा जाता करपात्र उरले २,२५०. पालक २२ टक्क्यांत असतील तर कर ४९५, एरवी मुलाच्या १० टक्के दराने २२५ झाला असता.

आता उलटी बाजू. ट्यूशन आणि पुस्तकं मिळून १०,८०० आणि स्कॉलरशिपही तेवढीच, तर पालकांना अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिट (कॉलेजच्या खर्चावर मिळणारी करातली सूट) शून्य. पण स्कॉलरशिपमधले ४,००० हॉस्टेलवर गेले असं दाखवलं, तर मुलाचं उत्पन्न ४,०००, डिडक्शन ४,४५०, फेडरल कर काहीच नाही. आणि मोकळ्या झालेल्या ४,००० डॉलरच्या फीवर पालकांना पूर्ण २,५०० डॉलरचं क्रेडिट. अट एवढीच की ती स्कॉलरशिप फक्त ट्यूशनसाठी बांधलेली नसावी (पेल ग्रँट, म्हणजे गरजू विद्यार्थ्यांना मिळणारं सरकारी अनुदान, चालते) आणि हॉस्टेलचा खर्च खरोखर तेवढा झालेला असावा. पती-पत्नीच्या संयुक्त रिटर्नमध्ये १,६०,००० डॉलर उत्पन्नापासून क्रेडिट घटतं, १,८०,००० ला संपतं. चार वर्षांपुरतंच मिळतं.

मुलाला पगारही असेल तर हा ४,००० चा हिशेब नव्याने मांडावा लागतो. राज्याचा करही वेगळा तपासा.

स्कॉलरशिपमधून सहसा कर कापला जात नाही. रक्कम मोठी असेल तर कराचे तिमाही हप्ते १०४०-ईएस फॉर्मने भरावे लागतात. एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावरच्या अनिवासी विद्यार्थ्यांचे नियम मात्र निराळे, त्यांनी हे गणित वापरू नये.