ऱ्हाईनकाठची सनद: श्पायर, वर्म्स, माइन्झ

भारतातून पाहुणे आले की फ्रँकफर्टच्या आसपास राहणारी मराठी मंडळी त्यांना हायडेलबर्गचा किल्ला दाखवतात, ऱ्हाईनमध्ये बोटीची एक फेरी घडवतात आणि आटोपतात. त्याच नदीकाठची श्पायर, वर्म्स आणि माइन्झ ही तीन गावं मात्र राहून जातात. 2021 साली युनेस्कोने इथल्या मध्ययुगीन ज्यू खुणांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. ज्यू म्हटलं की आपल्याला अलिबाग-पेणकडचे शनिवार तेली आठवतात. हे त्यांच्याहून निराळे, अश्केनाझी, म्हणजे जर्मनी-उत्तर फ्रान्सकडचे ज्यू. आणि त्यांच्या धर्मविद्येची ही माहेरघरं. ज्यू धर्मग्रंथांचा थोर भाष्यकार राशी तरुणपणी शिकायला फ्रान्सहून इथेच, माइन्झ आणि वर्म्सला आला होता.

ख्रिस्ती राज्यात ज्यू राहायचे कसे, हे समजायला श्पायरची 1084 ची सनद वाचावी. बिशप र्‍यूडिगर हुट्समानने ज्यूंना मुद्दाम बोलावून वसवलं. कारणही त्याने लपवलेलं नाही: खेड्याचं शहर करायचं आहे, ज्यू आणले तर गावाची शान हजारपटीने वाढेल. त्यांच्या वस्तीभोवती त्याने भिंत बांधून दिली, चर्चच्या मालकीतली जमीन दफनभूमीसाठी दिली, सोन्याचांदीच्या देवघेवीची मुभा दिली. त्यांना ख्रिस्ती नोकर ठेवता येत होते. आपल्या धर्मात निषिद्ध ठरलेलं मांस ख्रिश्चनांना विकता येत होतं. आपसातले तंटे त्यांचाच प्रमुख सोडवणार होता. बदल्यात वर्षाला साडेतीन पौंड श्पायरी नाणी आणि तटाच्या आपल्या वाट्याच्या भागावर पहारा. म्हणजे हा सरळ सरळ भाडेकरार. ‘मध्ययुगात ज्यू फक्त सावकारी करत’ हे आपण ऐकत आलेलो असतो. ती गत पुढे आली, बाकीचे धंदे एकेक करून बंद होत गेले तेव्हा.

1090 मध्ये सम्राट चौथ्या हेन्रीने हे हक्क पक्के केले. सक्तीचा बाप्तिस्मा निषिद्ध झाला. राजीखुशीने धर्म बदलू पाहणाऱ्यालाही तीन दिवस थांबवायचं, आणि बदललाच तर वडिलोपार्जित वाटा गेला.

सहा वर्षांत या कागदाची परीक्षा झाली. 1096 च्या मे महिन्यात पहिल्या क्रुसेडला, म्हणजे जेरुसलेमसाठीच्या ख्रिस्ती धर्मयुद्धाला निघालेल्या टोळ्या ऱ्हाईनकाठी आल्या. श्पायरला अकराजण मारले गेले. बाकीच्यांना बिशप योहानने आसरा दिला आणि हल्लेखोरांपैकी काहींचे हात तोडवले. वर्म्सला बिशपच्या वाड्यात लपलेलेही वाचले नाहीत, सुमारे 800 माणसं गेली. माइन्झला आर्चबिशपने आश्रय दिला, पण वेशीचे दरवाजे आतूनच उघडले गेले आणि तो स्वतः पळाला. तिथला आकडा हजाराच्या वर जातो. सम्राट तिन्ही ठिकाणी एकच. फरक पडला तो संरक्षण देणाऱ्याच्या हिमतीत आणि त्याच्या हाताशी असलेल्या शिपायांत.

तरीही लोक परतले. ज्यांचा जबरदस्तीने बाप्तिस्मा झाला होता त्यांना हेन्रीने 1097 मध्ये स्वधर्मात परतू दिलं. 1104 मध्ये श्पायरचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ उभं राहिलं, आणि त्यालगत बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात मिकवे, म्हणजे विधिस्नानाचं कुंड. हे जरूर बघा. नियम असा की पाणी भरून आणलेलं चालत नाही, ते आपसूक साठलेलं हवं, निदान 40 सआ (सआ हे जुनं ज्यू माप), आणि माणूस पूर्ण बुडला पाहिजे. झरा नसेल तर पावसाचं पाणी साठवायचं, नाहीतर भूजलापर्यंत खणायचं. ऱ्हाईन उतरली की भूजलही उतरतं, त्यामुळे विहीर खोल घ्यावी लागते. उथळ खणली तर कोरड्या दिवसांत नेमका विधी अडतो. इथे सुमारे दहा मीटर खाली जावं लागतं. आधी उतरता जिना, मग दालन, त्याच्या बाजूला कपडे बदलायची खोली, शेवटी वळणाचा जिना आणि चौकोनी कुंड. घडीव दगडाचं काम इतकं सफाईदार आहे की कॅथेड्रलवरच्याच गवंड्यांचा हात त्यात असावा असं जाणकार मानतात. पायऱ्या ओलसर असतात, गुळगुळीत तळाचे बूट नकोत.

1236 मध्ये सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने जर्मनीतल्या सगळ्या ज्यूंना आपल्या खजिन्याचे सेवक ठरवलं. ऐकायला संरक्षण, पण खजिन्याच्या मालमत्तेला परवानगीवाचून हलता येत नाही. रोथेनबुर्गचा रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, मेईर 1286 मध्ये देश सोडायला निघाला तेव्हा पकडला गेला. त्याने खंडणी देऊ दिली नाही असं परंपरा सांगते. दिली तर प्रत्येक रब्बीला असंच धरतील. 1293 मध्ये तो कैदेतच वारला. प्रेतसुद्धा चौदा वर्षं अडकवून ठेवलं. 1307 मध्ये अलेक्झांडर बेन सालोमोन विम्पफेन याने पैसे मोजून ते सोडवलं, आणि आपल्याला त्याच्या शेजारी जागा द्यावी एवढंच मागितलं. वर्म्सच्या ‘हायलिगर झांड’ (पवित्र वाळू) दफनभूमीत ते दोन दगड खांद्याला खांदा लावून उभे आहेत. वर खडे आणि घडी घातलेल्या चिठ्ठ्या असतात. त्यांना हात लावू नये.

याच दफनभूमीत 1058/59 चा दगड जागेवर आहे. तारखा हिब्रू अक्षरांत कोरलेल्या असतात, प्रत्येक अक्षराला एक ठरावीक संख्या असते. अक्षरांची बेरीज करायची आणि 3760 वजा करायचे: 4819 म्हणजे 1059. त्यांचं वर्ष शरदात सुरू होतं, म्हणून शरदातल्या तारखांना 3761 वजा करावे लागतात. बऱ्याचदा हजारचा आकडा गाळलेला असतो. 819 दिसलं तर 240 मिळवा. इंटरनेटवरच्या कित्येक फोटोंखाली साल एकाने चुकलेलं दिसतं ते याच घोळामुळे.

1348 मध्ये राजा चौथ्या कार्लने वर्म्सचे ज्यू त्या शहराच्या हवाली केले. पुढच्याच वर्षी प्लेगचं खापर त्यांच्यावर फुटलं आणि तिन्ही गावांत कत्तली झाल्या. माइन्झने 1438 मध्ये ज्यूंना हाकलल्यावर थडग्यांचे दगड बांधकामात घातले. ते शतकानुशतकं भिंतींतून निघत राहिले आणि 1926 मध्ये जुन्या दफनभूमीत परत उभे केले गेले.

शनिवारी आणि ज्यू सणांना दफनभूमी बंद असते, पुरुषांनी डोकं झाकावं लागतं. तिन्ही गावं एका दिवसात उरकू नका. श्पायर आणि वर्म्स एकत्र करा, माइन्झला वेगळा दिवस द्या.