ते बाळ तिच्याकडेच परत कसं देता?

सांगलीला गेले की कुणी ना कुणी विचारतंच. मी मिनेसोटात नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात नर्स आहे हे कळलं, की बोलणं तिथं येतं. "पोटात बाळ असताना जी बाई नशा करते, तिच्याच हातात ते बाळ परत कसं देता? आणि तिथल्या आदिवासींना कायदा वेगळा कशाला?" तुम्हीही विचारलंत म्हणून नीट सांगते.

आईच्या रक्तात हेरॉइन, फेंटानिल असं काही असेल, तर नाळ कापली की बाळाला होणारा पुरवठा तुटतो. एक-दोन दिवसांत ते थरथरायला लागतं, चिरक्या आवाजात रडतं, धड पीत नाही, झोपत नाही. बघवत नाही हो. पण कित्येक आया गरोदरपणी डॉक्टरांनीच दिलेलं व्यसनमुक्तीचं औषध घेत असतात, कारण एकदम सगळं बंद करणं पोटातल्या बाळालाच धोक्याचं असतं. त्यांचीही बाळं थरथरतात. तपासणीच्या कागदावरून शरीरात काय होतं ते कळतं, ती बाई आई म्हणून कशी आहे ते कळत नाही.

आणि या बाळांना काय लागतं? मंद उजेड, घट्ट गुंडाळलेलं दुपटं, छातीची ऊब. पितंय का, झोपतंय का, उचलल्यावर शांत होतंय का, एवढंच बघत सांभाळलं तर बाळं सरासरी 8 दिवसांत घरी जाण्याजोगी होतात, जुन्या पद्धतीत 15 दिवस लागायचे. 26 रुग्णालयांत झालेला हा अभ्यास 2023 साली प्रसिद्ध झाला. म्हणजे आईला बाजूला काढलं, की उपचारातला मोठा भाग आपणच काढून टाकतो.

आता कायदा. 1978 साली अमेरिकेत इंडियन चाइल्ड वेल्फेअर ॲक्ट आला. यातले 'इंडियन' म्हणजे तिथले मूळनिवासी, आपण नव्हे. त्याआधीच्या पाहण्यांत मूळनिवासींची 25 ते 35 टक्के मुलं घरातून काढून दुसरीकडे ठेवलेली आढळली होती. घर दाटीचं आहे, मूल आजीकडे वाढतंय, एवढंही कारण पुरायचं. म्हणून या कायद्यात जन्मानंतर 10 दिवसांच्या आत आईने दिलेली दत्तकाची संमती धरलीच जात नाही. मूल घरातून काढण्याआधी कुटुंब टिकवायचे 'ॲक्टिव्ह एफर्ट्स' करावे लागतात. नुसता व्यसनमुक्ती केंद्राचा फोन नंबर हातात ठेवून भागत नाही, तिला तिथवर पोचवावं लागतं. 2016 च्या नियमांत तर स्पष्टच लिहिलंय, की नुसतं व्यसन आहे म्हणून मूल काढता येत नाही, त्या व्यसनामुळे या मुलाला गंभीर इजा होईल हे दाखवावं लागतं. जिवाला तातडीचा धोका असेल तर बाळ अर्थातच घरातून काढतात, पण धोका टळला की तसं तातडीने दूर ठेवणंही संपवावं लागतं. रिझर्वेशनवर, म्हणजे जमातीसाठी राखलेल्या जमिनीवर, राहणाऱ्या मुलाचा निवाडा साधारणपणे जमातीचं न्यायालय करतं. हा कायदा मोडीत निघतो की काय अशी आम्हाला धास्ती होती. 2023 च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो 7 विरुद्ध 2 मतांनी कायम ठेवला, त्या दिवशी ड्यूटीवर मला रडू आलं.

कारण मीही चुकले आहे. सुरुवातीच्या वर्षांत डकोटा या मूळनिवासी जमातीतल्या एका आईबद्दल मी नोंद केली होती: 'आई प्रतिसाद देत नाही, बाळाकडे बघत नाही.' तिच्या आजीला लहानपणी घरातून उचलून, मूळनिवासी मुलांची भाषा-रीत मोडायला काढलेल्या बोर्डिंग शाळेत टाकलं होतं, हे मला नंतर समजलं. मी गळ्यात ओळखपत्र घालून, हातात कागद घेऊन तिच्यासमोर उभी होते. ती माझ्याकडे कशी बघणार होती?

बाळ घरी कुणी न्यायचं यावर बैठक झाली, तेव्हा तिची बहीण आली. नातं विचारलं तर म्हणाली, "मी त्याची आई." मी गोंधळले. मग जमातीच्या समाजसेविकेने सांगितलं, की डकोटा भाषेत आईला 'इना' म्हणतात आणि आईच्या बहिणीलाही 'इना'च. माय मरो पण मावशी उरो, हे ऐकत वाढलेली मी, मला ते कुणी समजावून सांगायला नको होतं. कायद्यातही मूल ठेवताना पहिला मान नातलगांचाच आहे.

बाळ मावशीच्या घरी गेलं. आई उपचार घेत रोज तिथं जाऊन त्याला पाजायची. रुग्णालयातून निघताना मी त्याचं दुपटं नीट करून दिलं आणि आई पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाली, "ते जरा सैल कर, त्याला हात बाहेर लागतात."