माझी पाटी कोरी होती
आमच्या घरातलं कोणी शोआत, नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारात, गेलं नाही. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू, आजोबा नवगावचे, मी वाढले इस्राएलमध्ये अश्दोदला, त्यामुळे पोलंडच्या ह्या स्मरणयात्रेत परक्याच्या सुतकात आल्यासारखं पहिल्या दिवसापासून वाटत होतं. वॉर्सा, मायदानेक, क्राकोव सगळं एकात एक मिसळलंय. 27 निसानला, शोआच्या स्मरणदिनी, आउशवित्झ छावणीच्या फाटकाशी शोफार, मेंढ्याच्या शिंगाचं वाद्य, वाजला आणि चालत निघालो, बिर्केनाऊच्या छावणीपर्यंत जेमतेम 3 किलोमीटर.

अर्ध्यात टाच सोलली. पोरं झेंडे घेऊन गात, ढकलत पुढे जात होती, इतका राग आला, इथे गातात कसे, आणि तोंडात माझ्या शेमा, देव एकच आहे म्हणणारी आमची प्रार्थना, चालूच. शेवटी रस्त्याकडेला बसले. व्हीलचेअरवरच्या एक आजी थांबल्या, मूळच्या हंगेरीच्या, आता हैफाच्या, 1944 ला 15 वर्षांच्या होत्या. नातवाकडून चिकटपट्टी मागून घेतली आणि म्हणाल्या पाय इकडे दे. मी लाजेने नको नको म्हणतेय, ह्या रस्त्यावर एका फोडाचं काय घेऊन बसायचं, तर त्यांनी पाय ओढून मांडीवर घेतला आणि थरथरत्या बोटांनी हळूहळू पट्टी लावली, एकदा वाकडी लागली तर काढून परत.

तुझं कोण गेलं? म्हटलं कोणी नाही. मग सांगितलं, आमचे पूर्वज कोकणात तेल गाळायचे, शनिवार पाळायचे, हिब्रू सगळी विसरले होते, एक शेमा तेवढा राहिला. त्या बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, आईने छावणीतल्या रांगेत तोच म्हटला होता, मी नंतर कधी म्हटला नाही.

शोआनंतरच्या श्रद्धेवर लिहिणारे रब्बी बेर्कोविट्स सांगायचे की आपण ईयोब, बायबलमधला सगळं गमावलेला माणूस, नाही, ईयोबाचे भाऊ आहोत, जे तिथे होते त्यांची श्रद्धाही पवित्र आणि त्यांनी देव नाकारला तर तेही पवित्र, आपण दोन्हीपुढे मान खाली घालायची. वाचलं तेव्हा पटलं होतं. पण त्या बाईंच्या मांडीवर माझा पाय होता.

बिर्केनाऊला सगळे रुळांवर लाकडी पाट्या ठेवतात, माझी कोरीच होती, नाव कोणाचं लिहिणार. आजींनी धाकट्या बहिणीचं सांगितलं, 6 वर्षांची. तुमच्या अक्षरात लिही म्हणाल्या. देवनागरीत लिहिलं, त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवलं.

मग कदिश, मेलेल्यांसाठी म्हणतात ती प्रार्थना. त्यात मरणाचा एक शब्द नाही, नुसती देवाची स्तुती. नातू म्हणत होता, आजी ओठ मिटून, माझा हात धरून. आमेन म्हणायची वेळ आली आणि माझा आवाजच फुटेना, भीती वाटली की त्यांना लागेल. म्हटलं, पण अगदी हळू.