घराआधी एक पावसाळा

जमीन ताब्यात आल्यावर दीड वर्ष आम्ही जोत्याचा एक चिराही का बसवला नाही, असे आमचे घर पाहायला येणारे बहुतेक जण विचारतात. तुम्हीही विचारलेत म्हणून नीट सांगते. आम्ही एक पावसाळा पूर्ण पाहून घेत होतो. राजापूर तालुक्यातली आमची जमीन सड्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या सपाट पठाराच्या खाली, उताराला आहे, आणि अशा जागी पाणी कोठून येते व कोठे जाते, हे मार्चमध्ये केलेल्या मोजणीवरून कळत नाही.

त्या वर्षी जून ते सप्टेंबर मी दर पंधरवड्याला गावी गेले. जोराची सर येऊन गेली की छत्री घेऊन निघायचे आणि पाण्याची वाट दिसेल तेथे बांबूची खुंटी ठोकायची, एवढेच काम असे. ऑगस्टअखेर खुंट्यांच्या दोन रांगा स्पष्ट झाल्या आणि त्यांतली एक आम्ही घरासाठी हेरलेल्या जागेच्या बरोबर मधून जात होती. पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी तेथे पाऊल टेकले की टाचेच्या खळग्यात हळूहळू पाणी भरत असे. घर आम्ही तेथून पंचवीस फूट बाजूला घेतले.

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तरीही एप्रिल-मे महिन्यांत कितीतरी वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. जांभा सच्छिद्र असल्याने पाणी भराभर पितो. पण ते खालच्या चिकणमातीच्या थराला टेकले की आडवे सरकते, उताराला झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते आणि वहाळाला, म्हणजे ओढ्याला मिळते. त्यामुळे मुरवलेले पाणी आपल्याच विहिरीत राहील, असे कोकणात गृहीत धरू नये. वरच्या अंगाला आम्ही समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एका पातळीत जाणारे चर खणले आहेत आणि ते हवेतच, कारण त्यांनी माती धरून ठेवली आणि विहिरीला पूर्वीपेक्षा तीन आठवडे जास्त पाणी राहू लागले. परंतु पिण्याचे पाणी वेगळे साठवण्याला पर्याय नाही.

त्याचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते, म्हणजे आमच्या ११० चौरस मीटरच्या कौलांवर वर्षाकाठी तीन लाख लिटरहून अधिक पाणी पडते. चार माणसांना पिण्यास व स्वयंपाकास दिवसाला ४० लिटर धरले, तर फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांना सुमारे ४८०० लिटर लागतात. मेमध्ये मुंबईची मंडळी येतात, म्हणून आम्ही हौद १०,००० लिटरचा बांधला. पहिल्या दोन-तीन सरींचे पाणी कौलांवरची धूळ, पालापाचोळा आणि पक्ष्यांची विष्ठा घेऊन येते, ते पन्हळीतून बाहेर सोडून द्यावे. पुढचे वाळू, खडी व कोळशातून गाळून आत घ्यावे. हौदात उजेड शिरू देऊ नये, नाहीतर शेवाळ धरते.

बांधकामाविषयी सांगण्यासारखे थोडे आहे. चिरे जवळच्या खाणीतले, भिंती आतून-बाहेरून गिलाव्याशिवाय, दरजा चुन्याच्या, आणि पागोळ्या भिंतीपासून दूर पडाव्यात म्हणून वळचण तीन फूट पुढे काढलेली.

एक चूक मात्र सांगायलाच हवी. हौद भरून वाहणारे पाणी मुरवण्याचा खड्डा मी घराच्या वरच्या अंगाला, दहा फुटांवर घेतला. पुढच्या जुलैत स्वयंपाकघराच्या भिंतीला जोत्यापासून हातभर ओल चढली, कारण मुरलेले पाणी आडवे सरकत थेट पायाशी आले होते. आडव्या वाटेची सगळी माहिती असूनही ती मी स्वतःच्या खड्ड्याला लावून पाहिली नाही. तो बुजवून नवा खड्डा घराच्या खालच्या अंगाला, केळींच्या पलीकडे घेतला. मोरीचे पाणी त्याच केळींना आणि अळवाला जाते.

तुमचा प्लॉट उताराला आहे, असे तुम्ही म्हणालात. मग आराखडा काढून घेण्याआधी निदान जुलैचा महिना तेथे खुंट्या ठोका, आणि आमचे घर पुन्हा पाहायचे असेल तर तेही जुलैतच, पाऊस पडत असताना येऊन पाहा.